भांड्याखालची तुटक रेघ: घरे आखणाऱ्यांना आणि बांधणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
घरांचे आराखडे काढणारे वास्तुरचनाकार व अभियंते, तसेच घरे बांधणारे व्यावसायिक यांस

स. न. वि. वि.

तुमच्या नकाशात संडास कुठे आहे हे अगदी नीट कळते. भांडे भिंतीपासून किती अंतरावर, दार आत उघडणार की बाहेर, टाइल किती उंचीपर्यंत, आरसा कुठे, सगळे मिलिमीटरमध्ये. भांड्याखालून निघणारा पाइप मात्र एक तुटक रेघ होऊन नकाशाच्या कडेपर्यंत जातो आणि एका चौकोनात ‘सेप्टिक टाकी’ असे लिहिले की संपतो. त्या रेघेला ढाळ किती, ट्रॅपमध्ये, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या नळात, पाणी किती खोल उभे राहणार, हवेच्या पाइपाचे वरचे टोक कुठे निघणार, टाकीचे झाकण कोणत्या फरशीखाली जाणार, हे साइटवरच्या गवंड्याने आणि प्लंबरने ठरवायचे असते, तेही स्लॅब पडल्यावर. आम्ही त्या तुटक रेघेच्या कामातली माणसे आहोत. तिच्यावर होणाऱ्या बहुतेक चुका कोणीतरी आधीच करून, त्यांची किंमत मोजून, उपायासकट इतिहासात ठेवून दिल्या आहेत. त्या नव्याने करण्याचे काही कारण नाही, म्हणून हे पत्र.

संडासाचा इतिहास म्हणून जो सांगितला जातो तो बहुधा भांड्याचा इतिहास असतो: कोणत्या राजवाड्यात कसले आसन होते, चिनी मातीचे पहिले भांडे कोणी घडवले. भांडे हा या सगळ्यातला सोपा भाग. १८८० च्या दशकात इंग्लंडमध्ये थॉमस ट्वायफर्ड आणि इतर कारखानदार भांडे आणि ट्रॅप एकसंध चिनी मातीत घडवू लागले, लाकडी पेटीत दडवलेले यंत्र गेले, आणि भांडे जवळपास आज आहे तसे झाले. तेव्हापासून त्यात फरक पडला तो मुख्यतः पाण्याच्या मापात आणि दिसण्यात. अवघड होते आणि आहे ते पुढचे.

पुढचा विचार मोहेंजोदडोत साडेचार हजार वर्षांपूर्वी झालेला दिसतो. पुष्कळ घरांत विटांची न्हाणी आणि काही घरांत संडास होता. तिथले पाणी भिंतीतून ढाळाने बाहेर येई, पण प्रत्येक वेळी थेट रस्त्याच्या गटारात पडत नसे. वाटेत विटांचा छोटा हौद किंवा जमिनीत पुरलेला रांजण असे. जड गाळ तिथे बसे, वरचे पाणी पुढे जाई. रस्त्यावरच्या गटारांवर विटा किंवा दगडी फरशा नुसत्या ठेवलेल्या असत, म्हणजे उचलून आतला गाळ काढता येई. गाळ साचणारच आणि तो कोणालातरी काढावा लागणार, हे त्यांच्या आखणीतच धरलेले होते. तुमच्या गेल्या दहा नकाशांपैकी कितींत ते धरले आहे, हे एकदा काढून बघा.

रोमचे उदाहरण उलटे आहे. क्लोआका मॅक्सिमा हे त्यांचे महागटार प्रसिद्ध, दगडी बाकांवर ओळीने बसायची सार्वजनिक शौचालये प्रसिद्ध. पण घरातले संडास बहुतेक करून या गटारांना जोडलेले नसत. घरातच खड्डा असे, आणि तो पुष्कळदा स्वयंपाकघराला लागून. पॉम्पेईच्या अवशेषांत अशी घरे पाहायला मिळतात. यात अडाणीपणा मुळीच नव्हता. गटार घराला जोडले की त्यातला वास आत येणार, उंदीर आत येणार, आणि टायबर नदी फुगली की मैला उलटा घरात येणार, हे रोमन माणसाला कळत होते. कमानी, जलवाहिन्या, शिशाचे नळ, सगळे त्यांच्याकडे होते. नव्हता तो फक्त पाण्याने भरलेला एक वाक.

तो वाक यायला फार वेळ लागला. १५९६ मध्ये सर जॉन हॅरिंग्टन यांनी वरच्या टाकीतले पाणी सोडून भांडे धुणाऱ्या संडासाचे वर्णन छापले. त्यांच्या भांड्याखाली झडप होती आणि झडपेखाली सरळ नळ. झडप उघडली की खालच्या खड्ड्याची हवा खोलीत. त्यानंतर जवळजवळ एकशेऐंशी वर्षांनी, १७७५ मध्ये, लंडनचे घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी पेटंट घेतले, त्यात नळ एस अक्षरासारखा वाकवलेला होता. वाकात पाणी साठून राहते, मैला त्यातून पुढे जातो, हवा मागे फिरत नाही. त्यांची सरकती झडप अडकायची, ती १७७८ मध्ये जोसेफ ब्रामा यांनी बिजागरीची करून सुधारली. पुढे झडपा कालबाह्य झाल्या आणि वाक राहिला.

आता या वाकाकडे जरा जवळून बघू, कारण आमच्याकडे येणाऱ्या वासाच्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते. ट्रॅपमध्ये उभे राहणारे पाणी साधारण ५० मिलिमीटर खोल असते. उकिडवे बसायच्या भांड्यात हाताने पाणी ओतून फ्लश करायचा असेल, तर ही खोली २० मिलिमीटरवर आणतात. मग दीड-दोन लिटर पाणी पुरते. ५० मिलिमीटरचा पाण्याचा स्तंभ सुमारे ५०० पास्कल दाब अडवतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा दोनशेवा हिस्सा. घर आणि गटार यांच्यामध्ये उभी असलेली भिंत एवढीच. ती पडते कशी?

एक, ओढले जाऊन. वरच्या मजल्यावर फ्लश केला की पाणी उभ्या पाइपातून खाली येताना बरोबर हवा ओढते. मागे पोकळी होते आणि ती भरून काढायला पाइप मिळेल तिथून हवा घेतो. वरून हवा मिळाली नाही तर खालच्या मजल्यांच्या ट्रॅपमधून घेतो, आणि जाता जाता तिथले पाणीही नेतो. फ्लशबरोबर नहाणी ट्रॅपमधून (न्हाणीघराच्या जमिनीतल्या ट्रॅपमधून) गुडगुड ऐकू येते ती हीच. दोन, सुकून. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या, महिनोन्महिने न वापरलेल्या न्हाणीघरातला ट्रॅप कोरड्या हवेत काही आठवड्यांत रिकामा होतो. तीन, दोऱ्याने. फरशी पुसायच्या फडक्याचा एखादा धागा किंवा केसांचा झुपका वाकाच्या काठावरून पलीकडे लोंबकळला की वातीसारखा पाणी शोषून हळूहळू पलीकडे टाकत राहतो. प्लंबर येतो, पाणी ओततो, वास जातो, चार दिवसांनी परत येतो, आणि सगळे मिळून भांड्याला दोष देतात.

कोरडा ट्रॅप काय करू शकतो हे २००३ च्या मार्चमध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत दिसले. तिथल्या तीनशेहून अधिक रहिवाशांना सार्स या श्वसनाच्या संसर्गजन्य आजाराची लागण झाली. आरोग्य खात्याच्या तपासात मुख्य संशय गेला तो न्हाणीघरांच्या जमिनीतल्या ट्रॅपवर. फरशी धुण्याऐवजी पुसून घेतली जाई, त्यामुळे ट्रॅपमध्ये नवे पाणी पडत नव्हते. दार बंद करून हवा बाहेर फेकणारा पंखा लावला की तो उभ्या पाइपातली दूषित हवा कोरड्या ट्रॅपमधून आत ओढत होता. तुमच्या नकाशात आता प्रत्येक न्हाणीघरात असा पंखा असतो. त्या पंख्याला लागणारी हवा दाराखालच्या फटीतून किंवा जाळीतून यावी एवढी जागा ठेवा, नाहीतर तो ती ट्रॅपमधून घेईल. आणि हात धुवायच्या बेसिनचे पाणी नहाणी ट्रॅपमधूनच पुढे जाऊ द्या, म्हणजे रोज हात धुताना ट्रॅप आपोआप भरलेला राहतो. ही एक जोडणी बदलायला काहीच जास्त लागत नाही, फक्त ती आधी ठरवावी लागते.

ओढून जाणाऱ्या पाण्यावरचा उपाय १८७० च्या दशकापासून ठाऊक आहे: पाइपाला श्वास घ्यायला वाट द्या. उभा मैला-पाइप वरच्या शेवटच्या जोडणीपाशी संपवायचा नसतो. तो त्याच व्यासाचा, १०० मिलिमीटरचा असेल तर १०० मिलिमीटरचाच, गच्चीच्या वर उघडा काढायचा आणि तोंडाला जाळीची टोपी बसवायची. तीन मीटरच्या आत खिडकी असेल तर तोंड तिच्या माथ्यापासून निदान ९०० मिलिमीटर वर हवे. प्रत्यक्षात काय दिसते? गच्चीचे वॉटरप्रूफिंग करणारा पाइप अडचणीचा म्हणून कापतो आणि वर टोपण ठोकतो. वरचा मजला चढवताना जुने तोंड नव्या खोलीच्या भिंतीत गाडले जाते. कुठे वरचा तुकडा ५० मिलिमीटरचा जोडलेला असतो, कारण तोच हाताशी होता. यातल्या प्रत्येक घरात कधी ना कधी नवे भांडे बसवून झालेले असते.

याच पाइपाच्या पायथ्याशी उलटा प्रकार होतो. खाली येणारे पाणी वळणावर आपटते, तिथे हवा दाबली जाते आणि सर्वांत खालच्या मजल्याच्या ट्रॅपमधून बुडबुडे वर येतात, कधी फेसासकट. म्हणून उंच इमारतीत तळमजल्याचे संडास उभ्या पाइपाच्या पायथ्याला जोडू नयेत. त्यांची जोडणी स्वतंत्रपणे बाहेरच्या चेंबरमध्ये न्यावी. पायथ्याला एक काटकोनी बेंड न घालता ४५ अंशांचे दोन घाला. हे दोन्ही नकाशावर दाखवायला अर्धा मिनिट लागतो. स्लॅब झाल्यावर करायला भिंत फोडावी लागते. आणि एस ट्रॅप शक्यतो टाळाच. त्याचा पुढचा पाय सरळ खाली जात असल्याने तो स्वतःच स्वतःचे पाणी ओढून नेऊ शकतो. पी ट्रॅपची वाट आडवी निघते, तिथे हवा शिरायला जागा असते.

ढाळाचे गणित एकोणिसाव्या शतकातल्या मॅग्वायरच्या नियमात बसते: पाइपाचा व्यास इंचात घ्या, दहाने गुणा, तितक्या लांबीला एक एवढा उतार. चार इंची पाइपाला ४० मध्ये १, सहा इंचीला ६० मध्ये १. म्हणजे चार इंची पाइप मीटरमागे २५ मिलिमीटर खाली जायला हवा. दहा मीटरमागे २५० मिलिमीटर. तुमची चूक इथे होते, गवंड्याची नव्हे. भांडे एका टोकाला आणि टाकी दुसऱ्या टोकाला दाखवताना मधल्या बारा-चौदा मीटरमध्ये पाइप तीस-पस्तीस सेंटीमीटर उतरणार, हे जोत्याच्या उंचीत धरलेलेच नसते. मग गवंडी पाइप जवळजवळ सपाट टाकतो, मधे एखाद्या जोडापाशी पोट पडते, त्या पोटात कागद आणि मैला अडतो, आणि महिन्यातून एकदा लांब सळई घालायची पाळी येते. भांड्याच्या बाहेर पडणाऱ्या तोंडाची पातळी आणि टाकीच्या आत शिरणाऱ्या तोंडाची पातळी, हे दोन आकडे नकाशावर लिहा. बाकी प्लंबर बघून घेईल.

पाणी कमी करण्याच्या नादात ढाळ आणखी महत्त्वाचा झाला आहे. ब्रिटनमध्ये बराच काळ फ्लशची टाकी नऊ लिटरची होती, अमेरिकेत तेरा लिटरची. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रूस थॉम्पसन यांनी कॅरोमा कंपनीसाठी दोन मापांचा फ्लश आणला, अकरा लिटर आणि साडेपाच लिटर. १९९२ च्या अमेरिकी कायद्याने नव्या घरगुती संडासांना सुमारे सहा लिटरची मर्यादा घातली, ती १९९४ पासून लागू झाली. सुरुवातीच्या कित्येक भांड्यांचा आतला आकार जुनाच होता, पाणी तेवढे घटवलेले. लोक दोनदा-तीनदा फ्लश करू लागले आणि सहा लिटरचे बारा झाले. भांडी सुधारली, पण पुढचा पाइप तोच आहे. कमी पाणी मैल्याला कमी अंतर नेते. म्हणून कमी पाण्याचे भांडे उभ्या पाइपापासून जितके जवळ ठेवता येईल तितके ठेवा, आणि मधे बेंड घालू नका.

इथपर्यंतचे सगळे घराच्या आतले झाले. बाहेर काय होते याचा सर्वांत महागडा धडा लंडनने दिला. तिथली गटारे मुळात पावसाच्या पाण्याची. घरांचा मैला घराखालच्या खड्ड्यात जाई आणि रात्री माणसे येऊन तो उपसून नेत. १८१५ मध्ये घरांचे पाणी गटारांना जोडायला परवानगी मिळाली. त्याच सुमारास फ्लशचे संडास वाढत होते. एका फ्लशला काही लिटर पाणी, आणि खड्डे बांधलेले कोरड्या मैल्याच्या हिशोबाने. ते भरून वाहू लागले. एडविन चॅडविक यांच्यासारख्या सुधारकांचा विश्वास होता की रोग दुर्गंधीतून होतो, म्हणून घरांतला मैला लवकरात लवकर दूर करा. १८४८ नंतर खड्डे बंद करून घरे गटारांना जोडण्याचा सपाटा लागला. गटारे थेम्समध्ये जात होती आणि पिण्याचे पाणी त्याच नदीतून उचलले जात होते. वास घरातून गेला, कॉलरा नळातून आला.

१८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या कॉलऱ्याच्या साथीत डॉ. जॉन स्नो यांनी तिथल्या विहिरीवरच्या सार्वजनिक पंपाचे हँडल काढायला लावले, एवढे सर्वांना माहीत असते. आमच्या कामाच्या दृष्टीने त्याहून मोलाचे नंतर सापडले. पंपाजवळच्या घरात एक तान्हे मूल जुलाबाने आजारी होते आणि त्याचे लंगोट धुतलेले पाणी घराच्या खड्ड्यात टाकले जात होते, हे पाद्री हेन्री व्हाइटहेड यांनी शोधून काढले. १८५५ मध्ये तिथे खणून पाहिले तेव्हा खड्ड्याच्या विटा सुटलेल्या निघाल्या, आणि खड्डा व विहीर यांच्यात तीन फूटही अंतर नव्हते. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सचा वास संसदेपर्यंत गेल्यावर अभियंते जोसेफ बॅझलगेट यांना पैसा मिळाला आणि सुमारे १३२ किलोमीटर लांबीची मुख्य वाहक गटारे बांधून मैला शहराच्या पलीकडे, नदीच्या प्रवाहाच्या दिशेने पूर्वेला नेला गेला. त्यांचा छेद अंड्याच्या आकाराचा, निमुळते टोक खाली, म्हणजे पाणी थोडे असले तरी वेग टिकतो आणि गाळ बसत नाही.

जिथे असे गटार नाही तिथे तुम्ही सेप्टिक टाकी दाखवता. ही कल्पना फ्रान्समधल्या झां-लुई मूरास यांची. १८६० च्या दशकात त्यांनी बांधलेल्या बंद टाकीत इतक्या वर्षांचा मैला असायला हवा होता त्या मानाने गाळ फारच थोडा निघाला, आणि १८८१ मध्ये त्यांनी पेटंट घेतले. ‘सेप्टिक’ हे नाव १८९५ मध्ये इंग्लंडमधल्या एक्झिटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन यांनी अशी टाकी बांधली तेव्हाचे. काम साधे आहे. पाणी एक-दोन दिवस शांत उभे राहते. जड ते तळाला बसते, तेल-चरबी वर सायीसारखी तरंगते, मधले पाणी पुढे जाते. तळाचा गाळ हवेशिवाय जगणारे जंतू हळूहळू खाऊन कमी करतात. संपवत नाहीत, कमी करतात.

पाच माणसांच्या घराचा हिशोब मांडू. माणशी दिवसाला १०० लिटर सांडपाणी धरले तर ५०० लिटर. दोन दिवस थांबवायचे म्हणजे १,००० लिटर. गाळ माणशी वर्षाला सुमारे ४० लिटर साचतो. तीन वर्षांचे ६०० लिटर. वर सायीला जागा. म्हणजे आतून २ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १.२ मीटर पाण्याची खोली, वर आणखी ३०० मिलिमीटर मोकळे. आत रुंदीच्या दिशेने भिंत घालून दोन कप्पे करा, पहिला दोन-तृतीयांश. भिंतीतले भोक पाण्याच्या खोलीच्या मध्यावर हवे. वर ठेवले तर साय पुढे जाते, खाली ठेवले तर गाळ. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपांना टी (इंग्रजी T च्या आकाराचा जोड) लावा, दोन्हींचा खालचा पाय पाण्यात बुडालेला. बाहेरचा पाइप आतल्यापेक्षा ५० ते ७५ मिलिमीटर खाली. टी नसला की वरची साय सरळ शोषखड्ड्यात (टाकीतून बाहेर पडलेले पाणी मातीत मुरवणाऱ्या खड्ड्यात) जाते, माती चिकट होऊन बुजते, आणि दोन वर्षांत पाणी अंगणात उभे राहते. मग शोषखड्डा लहान पडला म्हणून दुसरा खणतात. तोही बुजतो.

एका गैरसमजाबद्दल तुम्हाला स्पष्ट सांगायला हवे, कारण तो तुमच्याच माहितीपत्रकांत छापलेला असतो: ‘कधीच न भरणारी टाकी’. टाकी भरत नसेल तर तिला तळ बांधलेला नाही, किंवा तिच्यातून गाळ वाहून जातो आहे. पहिल्या प्रकारात तुम्ही ब्रॉड स्ट्रीटचा खड्डा बांधला आहे. विहीर किंवा बोअर शक्य तितकी लांब ठेवा, निदान पंधरा मीटर. आणि भेगाळ खडक असेल तर कोणत्याही अंतरावर भरवसा ठेवू नका, कारण भेगेतून पाणी न गाळताच धावते. गच्चीचे पावसाचे पाणीही टाकीत सोडू नका. एका जोरदार सरीत दोन दिवसांचा निवांतपणा संपतो आणि तळाचा गाळ ढवळून बाहेर पडतो. जंतू वाढवणाऱ्या पुड्या विकत घेऊ नका. जंतू रोजच्या मैल्यातून येतातच. त्यांना मारणारे ब्लीच आणि अॅसिड बादलीने ओतू नका म्हणजे झाले.

टाकी कधी उपसायची हे तारखेवर न ठरवता मोजून ठरवावे. लांब काठीच्या खालच्या मीटरभर भागाला टॉवेलचे पांढरे कापड गुंडाळा, टाकीच्या तळापर्यंत उभी सोडा, दोन-तीन मिनिटे थांबून सरळ वर काढा. कापडावर जिथपर्यंत काळा गाळ चिकटला ती त्याची जाडी. पाण्याच्या खोलीच्या एक-तृतीयांश झाली की उपसा.

आणि उपसणार कोण, याचे उत्तर प्रत्येक काळात नकाशाबाहेरच ठेवले गेले. इंग्लंडमध्ये हे काम करणाऱ्यांना फक्त रात्री काम करायची मुभा होती. जपानमध्ये एडो काळात (१६०३ ते १८६८) मैला शेतीसाठी विकत घेतला जाई आणि ओसाकात भाडेकरूंच्या मैल्यावर हक्क घरमालकाचा, लघवीवर भाडेकरूंचा, इतका त्याला भाव होता. भारतात हे काम जातीला चिकटवले गेले. १९९३ च्या आणि मग २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उचलायला लावणे गुन्हा ठरला, तरी टाकीत उतरून माणसे मरायची थांबलेली नाहीत. टाकीत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचतो. थोडा असताना सडक्या अंड्याचा वास येतो; प्रमाण शंभर पीपीएमच्या (दहा लाख भागांत शंभर) आसपास गेले की नाकाची जाणीवच बधिर होते, वास येईनासा होतो आणि उतरणाऱ्याला वाटते आता हवा मोकळी झाली. गाळ ढवळला की साठलेला वायू एकदम सुटतो. पहिल्याला काढायला उतरलेला दुसराही जातो.

यात आराखडा काढणाऱ्याचा हात थेट असतो. झाकण टाइलखाली गेले, दोन कप्प्यांना मिळून एकच लहान तोंड ठेवले, किंवा गाडीची नळी पोचत नाही अशा आतल्या चौकात टाकी बसवली, की माणूस उतरवण्याची पाळी तुम्ही आणलेली असते. प्रत्येक कप्प्यावर वेगळे, ६०० मिलिमीटरचे, उचलता येणारे झाकण फरशीच्या पातळीत उघडे ठेवा. शोषण पंपालाही मर्यादा आहे: निर्वात करून पाणी तत्त्वतः दहा मीटरच वर येते, दाट गाळ त्याहून पुष्कळ कमी. तळघराखालची टाकी मोटारगाड्यांच्या उतारावरून कागदावर सोपी दिसते. तिचा तळ गाडी उभी राहते त्या पातळीपासून किती खाली आहे, हे आधी मोजा.

पाणीच कमी असलेल्या जागी फ्लशचा हट्ट धरू नका. हेन्री मूल या इंग्लिश पाद्र्याने १८६० मध्ये कोरड्या मातीचा संडास पेटंट करून घेतला, तेव्हापासून ही दुसरी वाट आहे. झिंबाब्वेत, तेव्हाच्या ऱ्होडेशियात, पीटर मॉर्गन यांनी १९७० च्या दशकात खड्ड्याच्या संडासाला उभा हवा-पाइप जोडून तपासले: अठ्ठ्याहत्तर दिवसांत पाइप नसलेल्या खड्ड्यातून १३,९५३ माश्या निघाल्या, पाइप असलेल्यातून १४६. वारा पाइपाच्या तोंडावरून जाताना खड्ड्यातली हवा वर ओढतो. आत अंधार असल्याने माश्या पाइपाच्या टोकाच्या उजेडाकडे जातात आणि जाळीला अडून मरतात. म्हणून खोलीत अंधार हवा, भोकावर झाकण नको, पाइप १०० ते १५० मिलिमीटरचा आणि छपराच्या अर्धा मीटर वर हवा. चांगल्या हेतूने मोठी खिडकी ठेवणारा आराखडाकार इथे सगळे बिघडवतो. दोन खड्ड्यांच्या संडासातही नियम एकच मोडला जातो: एका वेळी एकच खड्डा चालू हवा, दुसरा दीड-दोन वर्षे बंद, तेव्हाच त्यातला मैला निर्धोक माती होतो. मधल्या चेंबरमधली एक वाट बंद न केल्याने दोन्ही एकदम भरतात.

आमची मागणी एवढीच आहे. प्रत्येक घराच्या संचात या तुटक रेघेचा एक छेद-नकाशा द्या, वीस मीटरला एक मीटर या मापाने. त्यात पातळ्या, हवा-पाइपाचे टोक, टाकीचे दोन्ही कप्पे आणि झाकणे असू द्या. पाइप बुजवण्याआधी टेपसह फोटो काढा आणि घर ताब्यात देताना किल्लीबरोबर द्या. ट्रॅप आणि जोड तपासायला जुने प्लंबर पेपरमिंटचे तेल वापरत, ते आजही चालते: सर्व ट्रॅप भरून घ्यायचे, गच्चीवर हवा-पाइपात साठेक मिलिलिटर तेल ओतायचे, मागोमाग बादलीभर कढत पाणी, आणि तोंड ओल्या फडक्याने बंद. खाली दुसऱ्या माणसाने खोल्याखोल्यांतून फिरायचे. जिथे पेपरमिंटचा वास येईल तिथे गळती आहे. तेल ओतणाऱ्याने तपासणी संपेपर्यंत गच्चीवरच थांबायचे, कारण त्याच्या हाताला लागलेला वास घरात शिरला तर मग काहीच कळत नाही.

आपले,
घरगुती मैलापाण्याच्या कामातील काही जण